चिकनचं रबर आणि बाल्कनीतली कबुतरं

मी जनावरांचा डॉक्टर, माणसांचा नाही, हे आधीच सांगतो. पण तेच ते प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच लिहून टाकतो.

प्रश्न (सिडको): चिकन पाऊण तास उकळलं तरी रबरासारखं लागतं. हल्ली प्लास्टिकचं येतं म्हणतात, खरंय का?

पाऊण तास उकळलं म्हणूनच रबर झालं. ब्रॉयलर म्हणजे जेमतेम सहा आठवड्यांचं पिल्लू, त्यातून छातीचा तुकडा, जास्त तापला की आकसतो आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतो. मधोमध ७४ अंश झालं की गॅस बंद करा. प्लास्टिकचं चिकन फक्त व्हॉट्सअॅपवर मिळतं.

प्रश्न (देवळाली कॅम्प): मग मटण जास्त शिजवल्यावर मऊ कसं होतं?

त्यात कोलॅजन, म्हणजे मांस बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, जास्त, मंद आचेवर वेळ दिला की त्याचं जिलेटिन होतं. गावठी कोंबडीचंही तेच. घाईत उतरवलं की वातड. कच्ची पपई लावा पण थोडीच आणि थोडाच वेळ, रात्रभर ठेवलीत तर लगदा होईल.

प्रश्न (इंदिरानगर): सून गरोदर आहे, घरात मांजर आहे. सोडून देऊ का?

नको. मांजराची शी रोजच्या रोज काढायची, सुनेनं नाही, तुम्ही. त्यातला टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाधण्याजोगा व्हायला निदान एक दिवस लागतो, म्हणून साठू द्यायची नाही. कच्चंपक्कं मटण तिला अजिबात नको, त्यातूनही तोच येतो. बाकी तिच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न (पंचवटी): बाल्कनीत कबुतरांची शीट साचते, मिसेस रोज झाडते. तीन महिने तिला कोरडा खोकला आहे, जिना चढताना धाप लागते, सिरप चालू आहे. जाळीवाला म्हणतो त्याचा स्प्रे मारला की सगळे जंतू मरतात, मारू का?

तीन महिने! अहो, सिरप कसलं पाजताय? जाळी लावा, चांगलीच आहे, पण स्प्रेचे पैसे वाचवा. कारण यात बऱ्याचदा जंतूंचा संबंधच नसतो, वाळलेल्या शिटेची पूड आणि पिसांची धूळ श्वासातून आत जाते आणि काही जणांचं फुप्फुस त्या प्रथिनांवरच बिथरतं, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात त्याला, आता जंतू मारून ती पूड कुठे जाणारे? हे वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुसात व्रण पडतात आणि ते मग भरून येत नाहीत. मिसेसना त्या बाल्कनीत पाऊल टाकू देऊ नका. सफाई दुसऱ्यानं करायची, एन-९५ मास्क लावून, आधी पाणी मारून सगळं भिजवायचं आणि मग पुसून काढायचं, कोरडा झाडू बंद म्हणजे बंद. एसीच्या युनिटमागे घरटं असतंच, तिथेही बघा. दाणे टाकण्याचं पुण्य तुमच्याकडे, मला फक्त खोकला दिसतो. याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि कबुतरांचं स्वतःहून सांगा, लोक नेमकं तेच सांगत नाहीत. एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन, काढायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील.

प्रश्न (नाशिकरोड): तांदळाच्या डब्यात उंदराच्या लेंड्या निघाल्या, निवडून धुतले तर चालतील?

नाही, टाकून द्या. लेंड्या निवडता येतात, मूत निवडता येत नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या तर घरी गोळ्या खात बसू नका, डॉक्टरांना उंदरांचं सांगा.