आंतरराष्ट्रीय लवादाचा वकील व्हायला बॅकग्राउंड काय लागतं? भाचा सिव्हिल इंजिनियर आहे, त्याला जमेल का?

जमेल की. मी हेच काम करतो (वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांची भांडणं कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचांपुढे लढवायची), आधी मुंबईत आणि आता सिंगापूरला. यासाठी वेगळी डिग्री वगैरे काही नसते, साधं एलएलबीच. मी पुण्यातून केलं, सनद काढली आणि पहिली तीन वर्षं हायकोर्टात सिनियरच्या मागे फायली घेऊन पळालो. तेव्हा वैताग यायचा, पण आज तेच कामाला येतं, कारण अवॉर्ड (लवादाचा निकाल) हातात पडला म्हणजे पैसे मिळाले असं होत नाही, तो परत कोर्टातूनच वसूल करावा लागतो. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००२ मध्ये कोल इंडियाविरुद्ध अवॉर्ड मिळवला, तो आपल्या कोर्टांत इतकी वर्षं लटकला की शेवटी ती कंपनी भारत-ऑस्ट्रेलियातला गुंतवणूक करार दाखवून थेट भारत सरकारवरच गेली आणि २०११ ला जिंकली.

बाहेरचं एलएलएम, म्हणजे कायद्यातलं मास्टर्स, (लंडनचं क्वीन मेरी, जिनिव्हा वगैरे) ओळखी होण्यापुरतं चांगलं, कर्ज मात्र जपून काढा. कॉलेजात असताना व्हिएन्नाचं विस मूट (लवादाच्या खोट्या खटल्यांची विद्यार्थ्यांची स्पर्धा) करायला मिळालं तर सोडू नये.

पण भाच्याचं म्हणाल तर तो माझ्या पुढेच आहे. माझ्याकडे एक रस्त्याची केस होती, काम लांबलं ते कुणामुळे यावर भांडण. साइटच्या सुपरवायझरची मराठी वही पुराव्यात होती, त्यात एका दिवशी लिहिलेलं, "सकाळपासून पाऊस. रोलर बंद. लेबर बसून." भाषांतर करणाऱ्याने शेवटचं असं काही केलं की वाचणाऱ्याला वाटावं लेबरने संप केला! आता पावसाने काम थांबलं तर त्या करारात मुदतवाढ मिळत होती, आणि स्वतःच्याच माणसांनी संप केला तर कंत्राटदाराच्या बोकांडी. दोन शब्दांवर अख्खा आठवडा अडकलेला. मी मराठी म्हणून पकडलं, पण रोलर बंद म्हणजे पुढचं कुठलं काम अडतं हे मला एका इंजिनियरलाच विचारावं लागलं, आणि तो तासाचे पैसे घेतो हो.

सध्या टेबलावरचं निम्मं काम असल्याच बांधकामाच्या भांडणांचं आहे. त्यामुळे भाच्याला म्हणावं नोकरी लगेच सोडू नकोस, दोनेक वर्षं साइटवर काढ, बिलं आणि मुदतवाढीची पत्रं कशी लिहितात ते बघ, मग तीन वर्षांचं एलएलबी कर.