मॅजिक द गॅदरिंगमध्ये काउंटरस्पेलची वेळ कधी निघून जाते?

मॅजिक या पत्त्यांच्या खेळाबद्दल तुम्ही विचारलंय: मित्राने सेरा एंजल या क्रीचरचं (लढणाऱ्या पात्राचं) कार्ड टेबलावर ठेवलं, तुम्ही ते रद्द करायला काउंटरस्पेल काढलात, तर तो म्हणाला, ‘उशीर झाला, ती आली.’ शिवाय काउंटरस्पेलला उत्तर फक्त काउंटरनेच देता येतं, असंही त्याचं म्हणणं. दोन्ही चूक आहे.

मॅजिकमध्ये हाताच्या चपळाईला किंमत नाही. कार्ड टेबलावर टेकलं म्हणजे क्रीचर मैदानात उतरलं असं नसतं. स्पेल, म्हणजे टाकलेलं कार्ड, आधी स्टॅकवर जातो, म्हणजे परिणामाची वाट पाहणाऱ्या कार्डांच्या चळतीवर. पहिली प्रायोरिटी, म्हणजे काही टाकायची संधी, टाकणाऱ्याकडेच राहते. त्याने ती सोडली की तुमच्याकडे येते, आणि तुम्हीही सोडलीत तरच स्पेल रिझॉल्व्ह होतो, म्हणजे त्याचा परिणाम घडतो. तोवर काउंटरस्पेलची वेळ गेलेली नाही, मग समोरचा कितीही घाई करो. तुम्ही ‘चालेल’ म्हणालात आणि नंतर हल्ला झाल्यावर कार्ड काढलंत, तर मात्र ते टाकताच येत नाही. एंजल तेव्हा स्पेल उरलेली नसते.

मित्राचा दुसरा मुद्दा जुन्या नियमांतून आलेला आहे. 1993 साली काउंटरस्पेल छापला गेला तेव्हा त्यावर ‘इंटरप्ट’ असं लिहिलेलं होतं, आणि इंटरप्टला खरोखरच फक्त इंटरप्टने उत्तर देता यायचं. 1999 मध्ये सिक्स्थ एडिशनबरोबर हा प्रकार रद्द झाला, स्टॅक आला. जुन्या कार्डावर काहीही छापलेलं असो, आज तो साधा इन्स्टंट आहे, म्हणजे प्रायोरिटी असेल तेव्हा कधीही टाकता येणारा स्पेल.

स्टॅक म्हणजे ताटांची चळत. सगळ्यात वर ठेवलेलं ताट आधी उचलायचं. एंजलवर तुमचा काउंटरस्पेल, त्यावर त्याचा काउंटरस्पेल. आधी त्याचा रिझॉल्व्ह होतो, तुमचा ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) जातो, खर्च केलेला मना (कार्डं टाकायला लागणारी ऊर्जा) परत मिळत नाही. इथे बरेच जण हात टेकतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण एंजल अजून स्टॅकवरच असते! प्रत्येक रिझोल्यूशननंतर प्रायोरिटी पुन्हा फिरते. तुमच्याकडे दोन निळा मना आणि दुसरा काउंटरस्पेल असेल, तर तो आताही एंजलवर टाका.

अजून एक फरक ध्यानात ठेवा. मलड्रिफ्टर (हेही एक क्रीचर) मैदानात आल्यावर दोन कार्डं देतो, म्हणून तो स्टॅकवर असतानाच अडवा; आल्यानंतरच्या त्या अॅबिलिटीवर (कार्डाच्या अंगच्या परिणामावर) काउंटरस्पेल चालत नाही, त्यासाठी स्टायफलसारखं अॅबिलिटी अडवणारं कार्ड लागतं. याउलट ‘उलामॉग, द इन्फिनिट जायर’ हे क्रीचर टाकल्याक्षणीच तुमचं एक पर्मनंट (मैदानात असलेलं कार्ड) नष्ट करायची अॅबिलिटी वेगळी स्टॅकवर चढते. उलामॉगला काउंटर केलंत तरी ती होणारच. आणि लँड (मना देणारं कार्ड) स्टॅकवर जातच नाही, तिला काउंटर नाही.

मी स्वतः प्रत्येक स्पेल टाकल्यावर समोरच्याकडे पाहून ‘चालेल?’ विचारतो आणि उत्तर येईपर्यंत पुढचं कार्ड उचलत नाही. तुमच्या मित्रालाही एवढंच करायला सांगा.