शिट्टी पोलिसांचीच का?

प्रश्न : चौकात वाहतूक वळवणं, भलत्या जागी उभ्या गाड्यांना दंड करणं, अपघातानंतर रस्ता मोकळा करणं, या कामांना पोलीसच कशाला हवेत? काही देशांत ही कामं नागरी यंत्रणेकडे दिली आहेत, असं वाचलं. माझे मेहुणे पोलिसात आहेत. ते म्हणतात, ‘वर्दी काढली की कुणी थांबणार नाही.’ तुमची सगळी नोकरी वाहतूक शाखेत झाली. तुमचं काय मत?
— एक वाचक

उत्तर : मेहुण्यांना आधी माझा नमस्कार सांगा आणि मग सांगा, की त्यांचं निम्मंच बरोबर आहे. लोक वर्दीला थांबतात हे खरं, पण ती पोलिसाचीच असायला हवी असं नाही. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९९०च्या दशकात महापौर अंतानास मोकुस यांनी चौकाचौकांत मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले होते. झेब्रा पट्ट्यांवर गाडी घालणाऱ्याची भर रस्त्यात नक्कल व्हायची. दंडापेक्षा हसं होण्याची धास्ती जास्त, हे मी खात्यात राहून सांगतो.

तुम्ही सांगितलेली कामं एका माळेत ओवू नका. पार्किंगच्या दंडाला पोलीस हवेत का, हा प्रश्न तर बाहेर कधीच सुटलेला आहे. ब्रिटनमध्ये १९६० साली ट्रॅफिक वॉर्डन आले, पण ते पोलिसांच्याच हाताखाली. खरा फरक पडला १९९१च्या कायद्याने. जिथे तो लागू झाला तिथे चुकीचं पार्किंग हा गुन्हाच राहिला नाही. स्थानिक नगर परिषदेने वसूल करायची ती एक रक्कम झाली. फौजदारी कोर्टाची पायरी चढायला नको. दंड पटला नाही, तर परिषदेच्या बाहेरचा स्वतंत्र अधिकारी तुमचं म्हणणं ऐकतो. माणसं बदलण्याआधी कायदा बदलला, म्हणून ते जमलं. नुसता पोलीस काढून तिथे कारकून उभा केला असता, तर चार दिवसांत मार खाऊन परत आला असता.

रस्ता मोकळा करण्याचंही तसंच. इंग्लंडच्या मोटरवेंवर २००४पासून नागरी ट्रॅफिक ऑफिसर आहेत. गाडीवर काळे-पिवळे चौकोन, वर पिवळा दिवा. फुटलेलं टायर उचलणं, लेन बंद करणं, मागून येणाऱ्या वाहतुकीचा वेग हळूहळू उतरवणं ही त्यांची कामं. त्यांनी थांबा म्हटलं की थांबावंच लागतं, कायदा तसा आहे. मात्र अटक करता येत नाही, दंडाची पावतीही फाडता येत नाही. त्यामुळे पोलीस अपघाताच्या तपासाला मोकळे राहतात. आमच्या वेळी पंचनाम्याचे कागद बॉनेटवर ठेवून मीच एका हाताने गाड्या वळवायचो. दोन्ही कामं अर्धवट व्हायची.

आता अवघड भाग. चालती गाडी अडवणं.

गाडी बाजूला घेतली की मी नेहमी मागून चालत जायचो. मागच्या काचेतून मागच्या सीटवर कोण आहे ते बघायचं, मग चालकाच्या दाराच्या किंचित मागे उभं राहायचं. म्हणजे दार झटक्यात उघडलं तरी आपल्याला लागत नाही आणि त्याचे हात दिसतात. तेवढ्यात तोही आरशातून आपल्याला निरखत असतो. आत चोर आहे की औषध आणायला निघालेला बाप, मला ठाऊक नसतं. माझी नजर त्याच्या हातांवर आणि त्याची माझ्या कमरेच्या पिस्तुलावर. कारण काय, तर एक बंद दिवा!

अमेरिकेत हा वाद पेटला तो इथेच. एप्रिल २०२१मध्ये मिनेसोटातल्या ब्रुकलिन सेंटर इथे डाँटे राइट या वीस वर्षांच्या तरुणाची गाडी अडवली, त्यात नोंदणीच्या मुदत संपलेल्या स्टिकरचंही कारण होतं. पुढच्या झटापटीत पोलिसाच्या गोळीने तो मेला. पुढच्याच महिन्यात त्या शहराने निःशस्त्र नागरी वाहतूक विभागाचा ठराव केला. त्याआधी, २०२०मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीनेही तसंच ठरवलं होतं; पण गाडी अडवायचा अधिकार राज्याच्या कायद्याने पोलिसांकडेच, म्हणून घोडं अडलं.

मला विचाराल, तर फिलाडेल्फियाची वाट बरी. अडवणारा बदलण्याऐवजी त्यांनी अडवणंच कमी केलं. एक दिवा बंद असणं, बंपर निखळणं अशा आठ किरकोळ कारणांवरून केवळ तेवढ्यासाठी गाडी थांबवायची नाही, असा नियम २०२२पासून तिथे लागू आहे. नोटीस पोस्टाने जाऊ शकते.

दारू प्यायलेला चालक, धडक देऊन पळालेला, चोरीची गाडी, हे मात्र पोलिसांकडेच राहू द्या. तिथे निःशस्त्र कर्मचाऱ्याला पुढे करणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. न्यूझीलंडमध्ये पूर्वी वाहतूक अधिकारी परिवहन मंत्रालयाचे असत, पोलीस वेगळे. १९९२मध्ये दोन्ही एक करून टाकले. एकाच रस्त्यावर दोन गस्ती कशाला पोसायच्या, हा सवाल गैर नव्हता. तेव्हा हे वारं एकाच दिशेने वाहतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : नागरी यंत्रणा म्हणजे शेवटी खासगी कंत्राटदारच ना? तो तर पावत्याच फाडत सुटेल.
— एक वाचक

उत्तर : सुटेलच, पावतीमागे पैसे दिले तर. फ्रान्समध्ये २०१८पासून वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याच्या काही गाड्या खासगी कंपनीचे चालक चालवतात. रस्ता आणि वेळ सरकार ठरवतं. कॅमेऱ्याने कुणाला टिपलं ते चालकाला कळतच नाही, आणि कंपनीचे पैसे दंडांच्या संख्येवर ठरत नाहीत. फोटो जातात रेन शहरातल्या केंद्रात. तिथे पोलीस खात्री करतात, मगच दंड निघतो. तुमच्या भागात असं कंत्राट निघालं, तर माहिती मागवा आणि दोन कलमं आधी वाचा : पैसे कशावर मोजायचे, आणि तक्रार ऐकणारा कुणाचा पगारी.