जुना विनोद पुन्हा सांगायचा असेल तर काय काळजी घ्यावी?

बिनधास्त सांगा. फक्त "हा ऐकलाय का?" असं आधी विचारू नका आणि "जुनाच आहे, पण..." अशी सुरुवातही करू नका. तिथेच अर्धा जीव जातो.

विनोद एकदाच वापरायचा असतो, हे मला मुळात पटत नाही. 'फिलोगेलोस' नावाचा ग्रीक विनोदसंग्रह साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला मानतात, त्यात २६५ च्या आसपास विनोद आहेत. त्यातला एक माझा हुकमी एक्का आहे. न्हावी, टकला आणि एक विसरभोळा विद्वान प्रवासाला निघतात. रात्री सामानावर आळीपाळीनं पहारा. पहिली पाळी न्हाव्याची. वेळ जाईना म्हणून तो झोपलेल्या विद्वानाचं डोकं गुळगुळीत करतो आणि पाळी संपल्यावर त्याला उठवतो. विद्वान डोक्यावरून हात फिरवतो आणि ओरडतो, "काय मूर्ख न्हावी! उठवायचं मला, तर उठवलं टकल्याला!"

बाबांच्या निवृत्तीच्या दिवशी घरात तीस-पस्तीस माणसं जमली होती. मी हा विनोद रंगवत आणला, माझा हात डोक्यावर गेला, सगळे गप्प झाले. तेवढ्यात मागून दादा म्हणाला, "न्हाव्यानं टकल्याला उठवलं! पुढे बोल." सगळे हसले, पण दादाच्या टोमण्यावर. मी हात तसाच खाली घेतला. नंतर त्यानं मला ऐकवलं, "शिळा विनोद सांगणं म्हणजे लोकांचा अपमान." या वाक्यावर आमचं आजही वाजतं.

रात्री सगळे गेल्यावर बाबांनी हळूच विचारलं, "तो न्हाव्याचा काय होता रे? मला नीट ऐकूच आलं नाही." मी त्यांच्या शेजारी बसून पहिल्यापासून सांगितला. डोक्यावरून हात फिरवला, थांबलो, मग शेवटचं वाक्य टाकलं. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. सकाळी आईला सांगायला लावला, तेव्हा शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याबरोबर म्हटलं आणि पुन्हा तितकेच हसले. शेवट पाठ होता, तरी हसले. दादा, तू हे वाचत असशील तर याचं उत्तर दे.

आता तुमचं. 'टकला' हा शब्द अगदी शेवटी पडला पाहिजे. "मला सोडून टकल्याला उठवलं" असं म्हणून बघा. 'उठवलं' येईपर्यंत हसू विझलेलं असतं. हात फिरवल्यावर एक श्वास थांबायचं. तो थांबा गिळलात तर नवाकोरा विनोदही पडेल. आणि लांबण लावू नका. प्रवास कुठला, सामान काय, कुणाला काही देणंघेणं नसतं.

ज्याला माहीत आहे त्याच्या डोळ्यांकडे बघून सुरुवात करा, तो आपणहून तुमच्या बाजूनं होतो. शेवट फोडणाऱ्याला मात्र सरळ सांगा की हे असभ्य आहे. विनोद पाडणं ही हुशारी नाही.

हो, एक राहिलंच. आजारपणात केस गेलेलं कुणी समोर असेल तर हा विनोद सांगू नका, दुसरा काढा. आणि त्याच माणसाला तोच विनोद दुसऱ्यांदा सांगायचा तर त्यानं मागितल्यावरच. बाबांनी मागितला होता.