रोही डोंगरात चिटकवल्यासारखा का दिसतो?

प्रश्न: मी कन्नड गावचा, शाळेत ड्रॉइंग शिकवतो. गौताळा अभयारण्यातल्या रोह्याचं, म्हणजे नीलगाईचं, मोठं ऑइल पेंटिंग करतोय, मागं डोंगर आहे. फोटोवरून जनावर बरं उतरलं, पण बायको म्हणते रोही वरून चिटकवल्यासारखा दिसतो. नेटवर रॉकी पर्वतातल्या मूस आणि रानमेंढ्यांची चित्रं बघतो तर ती जनावरं तिथलीच वाटतात. माझं कुठं चुकतंय?

उत्तर: सर, वहिनींचं बरोबर आहे. तुम्ही पाठवलेल्या पेंटिंगच्या फोटोत रोह्यावर उजेड डावीकडून आलाय आणि डोंगराची सावली पण डावीकडंच पडलीय, म्हणजे दोघांचा सूर्यच वेगळा. तुम्ही बघता त्यातली बरीच चित्रं कार्ल रुंगियसची असतील. हा जर्मनीत जन्मलेला माणूस १८९५ मधे अमेरिकेत वायोमिंगला गेला, पुढं १९२१ मधे कॅनडात बॅन्फला स्टुडिओ बांधला, आणि त्याची खरी मेहनत म्हणजे डोंगरात बसून केलेली छोटी छोटी ऑइल स्केचेस, उजेड आणि रंग तिथंच पकडायचा आणि मोठा कॅनव्हास नंतर स्टुडिओत. (शिकारी पण होता, मारलेलं जनावर दोरांनी उभं करून स्टडी करायचा, ते आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही आणि आपल्याला करायचं पण नाही.)

तर आधी दोन-चार सकाळी नुसता डोंगर करा, जनावर नको. मग रोही कुठं उभा करायचा ते ठरवा, कारण खरी गंमत इथंच आहे, नर रोही निळसर राखाडी आणि लांबचा डोंगर पण हवेमुळं निळसर फिकाच दिसतो, त्याच्यापुढं नर ठेवला की तो विरघळतो आणि मग आपण घाबरून काळी आउटलाइन मारतो, तुम्ही मारलीच आहे. नराला वाळल्या पिवळ्या गवतापुढं घ्या. मादी मातकट पिवळी, ती गवतात हरवते, तिला झाडाच्या गर्द सावलीपुढं घ्या. पोटाखाली गवताचा पिवळा थोडा लागू द्या, खूर गवतात बुडू द्या, पाठीवर आभाळाचा थंड रंग. काळा ट्यूबमधून घेऊच नका, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा, तोच राखाडी डोंगराच्या सावलीत पण वापरा.

आणि ते मागचं टोकदार शिखर काढून टाका बरं का, आपले डोंगर बेसाल्टचे, सपाट माथ्याचे, पायऱ्या पायऱ्यांचे. वर बर्फ पण दिसतोय, कन्नडला तो कुठून आणला सर?