गाईसाठी अँटिबॉडी निवडताना

माणसाच्या पेशींसाठी बनवलेली मोनोक्लोनल अँटिबॉडी (पेशीवरच्या एकाच ठरावीक खुणेला चिकटणारं प्रथिन) गाईलाही चालेल, असं गृहीत धरू नकोस. बऱ्याचदा ती चिकटतच नाही. गाईवर तपासलेला क्लोनच (अँटिबॉडीचा ठरावीक वाण) घे आणि त्याच आयसोटाइपचा, म्हणजे त्याच प्रकारच्या अँटिबॉडीचा, कंट्रोल तुलनेसाठी सोबत लाव.

खरा कस लागतो तो २३व्या गुणसूत्रावरच्या बीओएलए जनुकांत, म्हणजे पेशीची ओळख पटवणारी प्रथिनं बनवणाऱ्या गाईच्या जनुकांत. त्यांच्या क्लास-१ या गटातली मुख्य जनुकं सहा मानतात, पण एका हॅप्लोटाइपमध्ये (एका पालकाकडून एकत्र आलेल्या जनुकसंचात) त्यातली एक ते तीनच व्यक्त होतात. सगळ्या रूपांतला समान भाग ओळखणारी अँटिबॉडी वापरलीस, तर पेशीवर प्रथिन आहे एवढंच कळेल. अ‍ॅलील (जनुकाचं नेमकं रूप) कोणतं, हे सिक्वेन्सिंगवरूनच, म्हणजे जनुकाचा क्रम वाचूनच ठरव.

आणि वासराचं रक्त असेल तर डब्ल्यूसी१ ही खूण ओळखणारी अँटिबॉडी नक्की घे. वासराच्या रक्तात ही खूण असलेल्या गॅमा-डेल्टा टी पेशी (टी या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) भरपूर असतात, आणि त्यांतल्या बहुतेक सीडी४ किंवा सीडी८ या खुणांनी मोजल्या जात नाहीत. नाहीतर सीडी४ आणि सीडी८ची बेरीज टी पेशींशी का जुळत नाही, म्हणून डोकं धरून बसशील.