भाचीचा निकाल ‘राखीव’ आलाय, सिनेट मेंबरला भेटू का? (उत्तर जरा लांबलंय)

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाची एसवाय बीएस्सीला, चौथ्या सेमिस्टरचा निकाल अख्ख्या वर्गाचा लागला आणि हिच्याच नावापुढे ‘राखीव’, म्हणजे निकाल रोखून ठेवलेला, पुढची परीक्षा फी भरायची तारीख डोक्यावर आलेली, पोरगी म्हणते सोडून देते आणि मुक्त विद्यापीठातून करते. त्यात कुणीतरी तुम्हाला पदवीधर मतदार नोंदणीचा फॉर्म पाठवून सांगितलंय की आमचं पॅनल विद्यापीठाच्या सिनेटवर, म्हणजे अधिसभेवर, आलं की असले प्रश्न चुटकीसरशी सुटतात.

नाही सुटत. मी अनुदानित कॉलेजात 27 वर्षं शिकवलं, त्यातली 9 वर्षं विद्यार्थी विकास अधिकारी होतो आणि एक टर्म शिक्षकांमधून सिनेटवरही बसून आलोय, तेव्हा हे ऐकीव नाही.

आधी तातडीचं. राखीव निकाल म्हणजे बहुतेक वेळा कुणी पोरीवर डूख धरलाय असं नसतं, कागद कुठेतरी अडकलेला असतो. माझ्या अनुभवात तीन कारणं सारखी दिसली. एक, पात्रता, म्हणजे दुसऱ्या बोर्डातून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या मुलांची कागदपत्रं पात्रता विभागात पोचलेलीच नसतात किंवा पोचून तिथे पडलेली असतात. दोन, इंटर्नल किंवा प्रॅक्टिकलचे मार्क कॉलेजने वेळेत अपलोड केलेले नसतात, आणि ही चूक सरळसरळ कॉलेजची असते पण खिडकीवर तुम्हाला “युनिव्हर्सिटीत जा” एवढंच सांगतात. तीन, उत्तरपत्रिकेवर सीट नंबर चुकीचा नाहीतर बारकोडचा घोळ. म्हणून पहिली फेरी विद्यापीठात नाही, कॉलेजच्या परीक्षा विभागात. लेखी अर्ज द्या, दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच परत या. तोंडी सांगितलेलं काम आणि पाण्यावरची रेघ सारखीच. अर्जात एकच प्रश्न विचारा, कारण कोणतं आणि ते कुणाकडे प्रलंबित आहे. आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म निकाल राखीव असताना भरून घ्या म्हणून वेगळा अर्ज, त्याच दिवशी. हे दोन अर्ज एकत्र करू नका, एकाचं उत्तर येईपर्यंत दुसरा लटकतो.

आता सिनेटचं. 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 1 मार्च 2017 पासून लागू, त्याच्या आधी 1994 चा होता. वर राज्यपाल म्हणजे कुलपती, मग कुलगुरू, पाच वर्षांची मुदत आणि परत नेमणूक नाही. त्यांच्या खाली ही सगळी मंडळं. सिनेट म्हणजे अधिसभा ही दिसायला सगळ्यात मोठी, पण तिचं मुख्य काम अर्थसंकल्प आणि समाजाच्या वतीने विद्यापीठाला चार गोष्टी ऐकवणं. वर्षातून किमान दोन बैठका. पदवीधरांमधून 10 जण निवडून येतात, त्याच निवडणुकीचा फॉर्म तुमच्याकडे आलाय. मार्चच्या बजेट बैठकीत आम्ही प्रश्न विचारायचो, स्थगन प्रस्ताव मांडायचो, कधी कधी व्यासपीठासमोर बसायचोही, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो यायचा. मजा यायची खोटं कशाला सांगू. पण एका मुलीचा निकाल सिनेटमधून लागलेला मी त्या पूर्ण टर्ममध्ये बघितला नाही.

निर्णय होतात ते व्यवस्थापन परिषदेत, आणि परीक्षेपुरतं बोलायचं तर परीक्षा व मूल्यमापन मंडळात. अभ्यासक्रम विद्या परिषद आणि अभ्यास मंडळं बघतात. ही बिनफोटोची मंडळं. कायद्यात निकाल 30 दिवसांत लावायचा प्रयत्न करा आणि काही झालं तरी 45 दिवसांच्या आत लावा असं लिहिलंय, आणि नाही जमलं तर का नाही जमलं याचा सविस्तर अहवाल कुलपतींना द्यायचा. ही ओळ बहुतेक विद्यार्थ्यांना माहीतच नसते. अर्जात लिहा, वजन पडतं.

वरचा एक निर्णय चुकला की काय होतं ते बघायचं तर मुंबई विद्यापीठाचं 2017 आठवा. उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासायच्या, कल्पना वाईट नव्हती हो, पण ऐन परीक्षेच्या हंगामात, सगळ्या शाखांना एकदम, 17 लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका. आधी एका शाखेत करून बघायचं, प्राध्यापकांना नीट शिकवायचं, मग वाढवायचं, एवढं साधं व्यवहारज्ञान. कुलपतींनी 31 जुलैची मुदत दिली, ती हुकली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून काढलं. कुलगुरू गेले, बातमी संपली. ज्यांचे पुढचे प्रवेश हुकले त्यांचं वर्ष काही कुणी परत आणून दिलं नाही. तेव्हा माझा एक मित्र तिकडच्या कॉलेजात तपासायला बसायचा, त्याला लॉगिन केल्यावर भलत्याच विषयाचे पेपर दिसायचे म्हणून सांगत होता.

आणि आपल्याकडे विद्यापीठाच्या कारभाराची चर्चा कशावर होते, तर कुलगुरू कोण नेमणार यावर. डिसेंबर 2021 ला दुरुस्ती विधेयक आलं, उच्च शिक्षण मंत्र्यांना प्र-कुलपती करायचं, कुलगुरूपदासाठी सरकारने नावं पाठवायची, विधिमंडळात रात्री उशिरापर्यंत गदारोळ, मग 2022 ला सरकार बदललं आणि ते विधेयक मागे. दोन्ही बाजूंचे लेख मी वाचले, दोन्हीकडे मुद्दे होते. पण त्या सगळ्या काळात पात्रता विभागातल्या रिकाम्या खुर्च्या कशा भरायच्या यावर दोन ओळी कुणी लिहिल्या नाहीत. भाचीचा निकाल त्या खुर्चीवर अडकतो, राजभवनात नाही.

मुलं टिकावीत, वर्ष वाया न घालवता पदवी घेऊन बाहेर पडावीत, याला अमेरिकेत आता ‘स्टुडंट सक्सेस’ म्हणतात. ते वाचायला लागलो तेव्हा मला वाटलं असेल काहीतरी भारी कॉम्प्युटरचं. अटलांटातलं जॉर्जिया स्टेट, सरकारी विद्यापीठ, गरीब आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं भरपूर. 2003 ला तिथे सहा वर्षांत पदवी पूर्ण करणारे 32 टक्के होते, पुढे ते प्रमाण 50 च्या वर गेलं. कॉम्प्युटर आहेच, प्रत्येक मुलाचे मार्क, कोर्स यावर रोज नजर ठेवतात आणि कुणी घसरायला लागलं की सल्लागार स्वतःहून बोलावून घेतो. पण मला पटलं ते दुसरंच. थोड्या फीसाठी नाव कमी व्हायची वेळ आलेली मुलं ते शोधून काढतात आणि अर्जाबिर्जाशिवाय तेवढी रक्कम खात्यात भरून टाकतात. आणि न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत 2007 पासून ‘असॅप’ म्हणून योजना आहे, त्यात फी, पुस्तकं, नेमून दिलेला सल्लागार आणि मेट्रोचा पास. त्यांनी चिठ्ठ्या टाकून दोन गट करून नीट अभ्यास केला, तीन वर्षांत पूर्ण करणारे योजनेतले 40 टक्के, बाहेरचे 22. जवळपास दुप्पट. प्रवासाचा पास आणि विचारपूस करणारं माणूस, याला काय रॉकेट सायन्स लागतं?

आपल्याकडे हे नव्हतं असं नाही, उलट आपणच आधी केलंय. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था 1919 ची, स्वावलंबन हाच तिचा पाया, आणि ‘कमवा आणि शिका’ आजही विद्यापीठांत चालते. पूर्वीचं विद्यार्थी कल्याण मंडळ, नव्या कायद्यात त्याचं नाव विद्यार्थी विकास मंडळ झालं, ते चालवतं. माझ्याकडे बागेत, लायब्ररीत काम करणारी पोरं असायची, त्यातलं एक आज तहसील कार्यालयात आहे, रस्त्यात भेटला की पाया पडतो, मला अवघडल्यासारखं होतं. अडचण अशी की कामाचे पैसे महिन्याला मिळायला हवेत आणि यायचे कधी तीन महिन्यांनी, कधी सहा. मेसवाला सहा महिने थांबतो का?

तसंच मेंटॉर-मेंटीचं, म्हणजे एकेका शिक्षकाने ठराविक मुलांकडे लक्ष ठेवायचं. नॅकला, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेला, दाखवायचं म्हणून प्रत्येक कॉलेजात याद्या आहेत, एका शिक्षकामागे इतकी मुलं, भेटींच्या नोंदी, सह्या. नॅकची टीम यायच्या आधीच्या महिन्यात एका दिवसात वर्षभराच्या भेटी लिहून काढलेल्या मी पाहिल्यात, पेन बदलून बदलून. त्या पापात मीही एकदा सामील होतो. शिक्षकांनाही किती दोष द्यायचा, निम्मे तासिका तत्त्वावर, सकाळी इथे आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात, त्याला मेंटी कोण आणि मेंटॉर कोण, मुलांची नावं कळेपर्यंत सेमिस्टर संपतं. शिवाय 2024-25 पासून नवीन शैक्षणिक धोरण सगळ्या कॉलेजांना लागू झालं, मेजर, मायनर, क्रेडिट, ते पोरांना समजावण्यातच सगळ्यांचा जीव चाललाय.

एक प्रसंग सांगतो, कॉलेजचं नाव विचारू नका. टीवायचा मुलगा, हुशार, बाप ऊसतोडीला. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून होता, क्लार्क रजेवर, दुसऱ्याला पासवर्ड माहीत नाही. फीचे साडेतीन हजार बाकी म्हणून हॉल तिकीट रोखलं. तो कुणाला काही न बोलता गावी निघून गेला. मला कळलं दोन पेपर झाल्यावर. साडेतीन हजार आणि एक पासवर्ड, एवढ्यावर वर्ष गेलं. त्यानंतर आम्ही स्टाफरूममध्ये एक डबा ठेवला, पगाराच्या दिवशी ज्याला जमेल त्याने टाकायचं, परीक्षेआधी बाकी फीची यादी घेऊन त्यातून भरायचं. कुठल्याही परिपत्रकात नाही हे.

म्हणून माझं म्हणणं, सिनेटपेक्षा कॉलेज विकास समितीकडे बघा. पूर्वीची स्थानिक व्यवस्थापन समिती, 2016 च्या कायद्यात तिची कॉलेज विकास समिती झाली. वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्या असतात आणि विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव तिथे सदस्य असतात. असतात म्हणजे कागदावर. थेट निवडणुका 1994 च्या कायद्यापासून बंद, नव्या कायद्याने परत आणल्या, 2019 ला जाहीर झाल्या आणि पुढे ढकलल्या, नंतर कोरोना. विद्यार्थी परिषदच नाही म्हटल्यावर त्या दोन खुर्च्यांवर कोण बसणार? तरी बैठकीचं इतिवृत्त मागता येतं, माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज आणि 30 दिवस. अनुदानित कॉलेजला तो लागू होतो. शिष्यवृत्तीचे किती अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून आहेत एवढा एक प्रश्न विचारा, इतिवृत्ताहून जास्त धावपळ होते, खात्रीने सांगतो.

कॉलेजने अर्ज घेऊन पंधरा-वीस दिवस काहीच केलं नाही तर पुढची पायरी. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिने 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, आणि त्याने समाधान नाही झालं तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जायचं, त्यासाठीही 15 दिवसांची मुदत असते ती चुकवू नका. 2024 च्या सुरुवातीला लोकपाल न नेमणाऱ्या विद्यापीठांची यादीच यूजीसीने जाहीर केली होती, म्हणजे नियम आहे आणि माणूस नाही असंही होऊ शकतं, आधी वेबसाइटवर नाव बघून घ्या. तक्रार भाचीच्या सहीने द्या, तुमच्या नाही. मामा भांडायला आला म्हटलं की ऑफिस लगेच आडमुठं होतं.

शिष्यवृत्तीचंही एकदा बघून घ्या, तुम्ही लिहिलं नाही म्हणून विचारतो. एससी किंवा नवबौद्ध असेल आणि सरकारी हॉस्टेल मिळालं नसेल तर स्वाधार योजना आहे, मुंबई-पुण्यात राहून शिकणाऱ्याला वर्षाला 60 हजारांपर्यंत, लहान ठिकाणी त्याहून कमी. मुलींना पूर्ण फी माफ असं जे 2024 ला जाहीर झालं ते व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, 8 लाखांची उत्पन्न मर्यादा, साध्या बीएस्सीला ते गृहीत धरू नका, माझ्या ओळखीतल्या दोन पालकांचा तिथे गैरसमज झालाय.

मतदार नोंदणी मात्र करा हो. फॉर्म भरायला काय जातंय. मत मागायला आले की फक्त विचारा, परीक्षा मंडळाच्या निर्णयांवर तुम्ही गेल्या टर्मला किती प्रश्न लेखी विचारले. बहुतेक जण हसून चहा मागवतात.

आणि शेवटचं, मला ‘सोडून देते’ हा शब्द निकालापेक्षा जास्त खटकला. मुक्त विद्यापीठ वाईट नाही, नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांना त्याने तारलंय, पण दोन वर्षं झालेली बीएस्सी, प्रॅक्टिकलसकट, अशी अर्ध्यावर टाकू नये. एक राखीव निकाल आला म्हणून पोरगी एकदम कॉलेज सोडायचं म्हणत नाही सहसा. गाव किती लांब आहे? बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट असतो, सिनियर कॉलेजला सवलत मिळते पण पैसे भरावेच लागतात, आणि शेवटची बस चुकली की काय, हे ती तुम्हाला फोनवर सांगणार नाही. आईबाप समोर नसताना विचारा. आवक क्रमांक मिळाला की इथे कळवा, पीआरएन, म्हणजे तिचा विद्यापीठातला नोंदणी नंबर, मात्र इथे टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.